येशूवरचं एक धड पुस्तक

बाई निवृत्त झाल्या त्याला दीड वर्ष झालं होतं, तरी दुकानाच्या पाटीवरचा मजकूरसुद्धा त्या दोनदा वाचायच्या. एकदा अर्थासाठी आणि एकदा अक्षरांसाठी. नोंदणी कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. खरेदीखत असो, मृत्युपत्र असो, वाटणीपत्र असो, त्याची नक्कल कारकुनाने उतरवायची आणि मूळ कागद शेजारी ठेवून ती अक्षर न् अक्षर ताडून पाहायची बाईंनी. कचेरीत याला रुजवात म्हणतात. नकलेखाली दोन सह्या होतात. नक्कल करणाऱ्याने चूक केली तर त्याला बोलणी बसतात, पण रुजवात घेणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली तर थेट नोकरीवर बेतते. बाईंच्या सहीखालचा एकही कागद चौतीस वर्षांत परत आला नाही. लोक त्यांना रुजवातबाईच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. धाकट्या भावाची बायको पोर चार वर्षांची असताना गेली, तेव्हा बाई आपलं बिऱ्हाड उचलून भावाकडे आल्या ते कायमच्या. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या इमारतींचे दोर आणि ब्रेक त्याच्या ओळखीचे होते. रविवारी तो चर्चमध्ये गायकांच्या पहिल्या ओळीत उभा राहायचा, आणि त्याचा आवाज असा होता की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही ताठ बसत. पोरीला घरात ठकी म्हणत. ती आता तेवीस वर्षांची होती आणि दातांच्या कवळ्या बनवायच्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. लहानपणापासून ती रविवारी बापाच्या शेजारी उभी राहून गायची.

हे सगळं एका पुस्तकाने मोडलं. ठकीने ते स्टेशनवरच्या टपरीतून आणलं होतं. चकचकीत वेष्टन, वर मोठ्ठं प्रश्नचिन्ह. येशू नावाचा माणूस झालाच नाही, जुन्या देवांच्या गोष्टींचे तुकडे जोडून तो रचलाय, असं त्यात ठासून लिहिलं होतं. ठकीने ते रविवारच्या जेवणात ताटाशेजारी ठेवलं. पुढच्या रविवारी भावाने आपल्या ताटाशेजारी पाळकांनी दिलेलं निळं पुस्तक ठेवलं. त्यात सगळ्या शंकांना उत्तरं होती, अगदी कुणी न विचारलेल्या शंकांनासुद्धा. तीन रविवार दोन पुस्तकं ताटांवरून भांडली. चौथ्या रविवारी भाऊ म्हणाला, "या घरात राहायचं तर माझ्या शेजारी उभं राहून गायचं." ठकी म्हणाली, "मग नाही राहत." दोघेही एकाच मातीचे. तिने बॅग भरली आणि नोकरदार मुलींच्या वसतिगृहात खोली घेतली.

सात आठवडे बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. आणि मग ठकीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नोकरी मिळाली. दोन दिवसांचा प्रवास, महिनाअखेरीला निघायचं. ही बातमी भावाला बाईंनीच सांगितली.

"जाऊ दे," भाऊ म्हणाला आणि ब्रेकचा घासलेला पट्टा पुन्हा पुन्हा पुसत बसला.

बाई घाबरल्या. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं, की बापलेकीचं भांडण आज ना उद्या मिटेल. पण बाईंनी आयुष्यभर वाटणीपत्रं वाचली होती. सख्खी भावंडं दोन वेगळ्या दारांनी कचेरीत येतात, एकाच कागदावर सह्या करतात आणि एकमेकांकडे न बघता जातात, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यातल्या बहुतेकांना भांडण कशावरून सुरू झालं तेही आठवत नसायचं. पोर अशीच निघून गेली तर अबोला तिथे जाऊन घट्ट होईल आणि मग तो कुणाच्या बापाला फोडता येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. हातात सव्वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या प्रयोगशाळेत गेल्या. ठकी टेबलाशी वाकून मेणात एकेक दात बसवत होती. प्लास्टरची पांढरी भुकटी तिच्या कोपरापर्यंत चढली होती.

"आत्या, समजवायला आली असशील तर आधीच सांगते, मी गाणार नाही."

"गाण्याचं कोण बोलतंय? मला एवढंच सांग, तुझ्या त्या पुस्तकाशिवाय या विषयावर दुसरं काही वाचलंस?"

"नाही. पण बाबांनी तरी कुठे वाचलंय?"

"म्हणून तर आले. मी एक पुस्तक शोधते. एकच. जाणकार लोक ज्याला मान देतात असं. दोघांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. मग काय ते तोंडावर बोला आणि हवं तर पुन्हा भांडा."

ठकीने हातातला दात मेणात दाबला, तिरका झाला, काढला. "पाळकाने लिहिलेलं नको."

"बरं."

"आणि तुझा कल कुणीकडे आहे ते आधी सांग."

"मी रुजवात घेते," बाई म्हणाल्या. "मला कल नसतो."

हे काही पूर्ण खरं नव्हतं. त्याही दर रविवारी मागच्या बाकावर बसत, आणि येशू झालाच नाही असं निघालं असतं तर त्यांना फार वाईट वाटलं असतं. पण ते त्यांनी स्वतःपाशी ठेवलं.

भावाची अट उलटी होती. "नास्तिकाने लिहिलेलं चालणार नाही."

"लिहिणाऱ्याच्या देवघरात मी डोकावणार नाही," बाई म्हणाल्या. "त्याचं काम चोख आहे की नाही ते बघेन. तू लिफ्टला दोर घालतोस तो बनवणाऱ्याचा धर्म विचारून घालतोस का?"

भाऊने हत्यारांची पेटी उचलली आणि तो कामाला निघाला. बाईंनी तोच होकार धरला.

सार्वजनिक ग्रंथालयात या विषयावरची पुस्तकं दोन ठिकाणी होती. निम्मी वरच्या मजल्यावर धर्माच्या कपाटात, निम्मी खाली इतिहासात. ग्रंथपाल जाडजूड माणूस होता, चष्मा कपाळावर चढवून तो दिवसभर चष्मा शोधायचा. त्याने यादी काढून दिली. सदतीस पुस्तकं. बाईंनी बाह्या सरसावल्या, पट्टी काढली आणि पहिलं पुस्तक पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं, ओळीखाली पट्टी धरून, कचेरीत वाचत तसं.

सहा दिवसांत दीड पुस्तक झालं. डोळे चुरचुरायला लागले आणि मान धरली.

"बाई, या वेगाने तुमची भाची निवृत्त होऊन परत येईल," ग्रंथपाल म्हणाला.

"मग काय वरवर चाळू?"

"वरवर नाही. मागून चाळा. शेवटच्या टिपा वाचा. कोणी कुठून काय घेतलंय ते तिथे कळतं. आत सगळेच विद्वान असतात."

ही गोष्ट बाईंना एकदम पटली. शितावरून भाताची परीक्षा. त्यांनी एकच शीत निवडलं. त्या काळच्या एका इतिहासकाराच्या ग्रंथात येशूच्या भावाचा ओझरता उल्लेख आहे, आणि येशू होऊन गेला की नाही या वादात प्रत्येक जण तो पुढे करतो. कुणी पुरावा म्हणून, कुणी तो खोटा आहे म्हणून. त्या ग्रंथाच्या एका जुन्या भाषांतराचा पान क्रमांक काही जणांनी टिपेत दिला होता. बाईंनी वहीत रकाने आखले आणि सदतीस पुस्तकांच्या टिपा उलगडायला घेतल्या. तीन दिवस लागले. सदतीसपैकी दहांनी पान क्रमांक दिला होता. सात जण म्हणत होते पान दोनशे सोळा. तीन जण म्हणत होते दोनशे एकसष्ट.

बाईंनी ते तीन क्रमांक लाल पेन्सिलीने खोडले. सात एका बाजूला, तीन एका बाजूला, चूक कोणाची ते उघड होतं. आकड्यांची अदलाबदल ही कारकुनांची जुनी खोड. ज्यांना साधा पान क्रमांक नीट उतरवता येत नाही त्यांच्या विद्वत्तेवर कोण विश्वास ठेवणार? तीन पुस्तकं त्यांनी परतीच्या गाड्यावर ठेवली आणि सातांमधून निवड करायला बसल्या. त्या सातांत पाळकांचं निळं पुस्तक होतं आणि ठकीचं चकचकीतही होतं, हे पाहून त्यांना थोडं बरंच वाटलं. निदान एका गोष्टीवर तरी दोघांचं एकमत होतं.

ग्रंथपाल गाडा ढकलायला आला. वही बघून त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"मूळ काय म्हणतंय?"

"कसलं मूळ?"

"ते भाषांतर. ज्याचं हे पान आहे. ते तुम्ही पाहिलंत का?"

बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. चौतीस वर्षं मूळ कागद पाहिल्याशिवाय ज्यांनी पेन टेकवलं नाही, त्या तीन दिवस नकलांची नकलांशी रुजवात घेत बसल्या होत्या. कारण विचारलं तर हसू येईल. कचेरीत सकाळी दहाला टेबलावर मूळ कागद हजर असायचा. शिपाई आणून ठेवायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. मूळ मागावं लागतं, ही गोष्टच बाईंना ठाऊक नव्हती. सगळी हयात रुजवातीत गेली आणि मागणीपत्रक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा भरलं.

ग्रंथ तळघरात होता. दोन खंड, कडा कुरतडलेल्या. बाईंनी पान दोनशे सोळा उघडलं. त्यात एका राजवाड्याच्या खांबांचं वर्णन होतं, खांब किती आणि कुठल्या दगडाचे. येशूचा पत्ता नाही, भावाचा पत्ता नाही. मग पान दोनशे एकसष्ट. वरून नवव्या ओळीत तो उल्लेख होता, एका वाक्याचा.

बाई बराच वेळ त्या ओळीवर पट्टी धरून बसल्या. सात जणांनी हे पान उघडलंच नव्हतं. एकाने चूक केली आणि बाकीचे मेंढरामागे मेंढरू गेले. दोन नकलांत तीच चूक दिसली तर दुसरी मुळावरून नाही, पहिलीवरून उतरवलीय, हे तर त्यांच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. निळ्या पुस्तकाने श्रद्धेच्या बाजूने आणि चकचकीत पुस्तकाने विरुद्ध बाजूने, पण दोघांनी उंटावरूनच शेळ्या हाकल्या होत्या. आणि त्या दोघांवरून आपलं घर मोडायला निघालं होतं. बाईंना मनापासून राग आला, दोन्ही लेखकांचा सारखाच.

तो राग घेऊन त्या घरी गेल्या आणि वही भावापुढे धरली.

"पण हे पाळकांनी दिलंय," भाऊ म्हणाला.

"दिलं त्यांनी. लिहिलं नाही. आणि ज्याने लिहिलं त्याने दार न उघडताच खोलीत काय आहे ते सांगितलंय."

ठकीला त्यांनी हेच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पान चुकलं म्हणून म्हणणं चुकतं असं नाही, आत्या." बाईंना पोरीचा अभिमान वाटला. बरोबर होतं तिचं.

परतीच्या गाड्यावरून तीन पुस्तकं पुन्हा टेबलावर आली. पहिल्याचं अर्धं पान परक्या लिप्यांनी भरलेलं असायचं. ते विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलं होतं आणि भावाने त्याचा उशाला उपयोग केला असता. दुसरं वाचायला झकास होतं, पण बाईंच्या नजरेने एक गोष्ट पकडली. चाळिसाव्या पानावर जे "कदाचित" होतं ते नव्वदाव्या पानावर "म्हणूनच" झालं होतं. मधल्या पन्नास पानांत पुरावा एकही वाढला नव्हता.

तिसरं एका प्राध्यापक बाईंचं होतं. प्राचीन इतिहास शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या देव मानतात की नाही ते तीनशे चाळीस पानांत कुठेच कळत नव्हतं. प्रत्येक गोष्टीपुढे त्यांनी आपली खात्री किती ते सांगितलं होतं. तो होऊन गेला, नदीवर दुसऱ्या एका साधूकडून त्याने स्नानाची दीक्षा घेतली, रोमी सुभेदाराच्या हुकमाने त्याला क्रुसावर खिळलं, हे पक्कं. बोधकथा त्याच्याच, हे बहुधा. जन्म कुठे नि कधी, यावर मतभेद, आणि मतभेद कशावरून तेही दिलेलं. एका टिपेत त्यांनी लिहिलं होतं की पहिल्या आवृत्तीत इथे माझी चूक झाली होती, एका विद्यार्थिनीने ती दाखवली. बाईंनी चौतीस वर्षांत एकाही कारकुनाकडून असलं वाक्य ऐकलं नव्हतं. तरी त्यांनी ग्रंथपालाकडून नियतकालिकांतली परीक्षणं मागवली. श्रद्धाळू प्राध्यापकांनी पुस्तकाला मान दिला होता, न मानणाऱ्यांनीही दिला होता, आणि दोघांनी थोडी कुरकूरही केली होती. बाईंनी मनातल्या मनात सही केली. तेरा दिवस उरले होते.

ग्रंथालयात प्रत एकच. आधी भावाने वाचायचं ठरलं, कारण तो ओठ हलवत वाचतो आणि त्याला वेळ लागतो. त्याला आठ दिवस, ठकीला चार. बाईंनी दोघांना एकच नियम घातला, कचेरीतलाच. पुस्तकावर पेन टेकवायचं नाही. शंका आली तर चिठ्ठीवर लिहायची आणि त्या पानात ठेवायची.

पहिल्या तीन दिवसांत पुस्तक चिठ्ठ्यांनी फुगलं. "हे कुणी सांगितलं?" "यांना काय माहीत?" "खोटं." चौथ्या दिवशी भावाने पुस्तक मिटून बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"बस झालं, ताई. ही बाई म्हणते चमत्कार झाले की नाही ते इतिहासाच्या हत्यारांनी ठरवता येत नाही. म्हणजे झालेच नाहीत असंच ना?"

"तुझ्या पेटीत वीज मोजायचं यंत्र आहे?"

"आहे."

"त्याने ताप मोजता येतो?"

"त्याने कसा येईल?"

"मग माणसाला तापच नसतो असं तू म्हणतोस का?"

"तू कचेरीत फुकट गेलीस," तो म्हणाला, आणि पुस्तक घेऊन पुन्हा खिडकीशी जाऊन बसला.

त्यानंतर चिठ्ठ्या कमी झाल्या. सहाव्या दिवशी त्याने एकही ठेवली नाही. सातव्या दिवशी बाईंनी पाहिलं, तो कालच्याच पानावर होता. आठव्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधीही तेच पान. बाईंनी विचारलं नाही. संध्याकाळी त्याने पुस्तक संपवून दिलं तेव्हा त्या पानात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी पुस्तक वसतिगृहात पोचवलं आणि चार दिवस कळ काढली. कळ काढणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी घरातली सगळी कपाटं आवरली, न बिघडलेला नळ दुरुस्त करायला माणूस बोलावला आणि त्याच्याशी भांडल्या.

ठकीच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या वसतिगृहात गेल्या. भेटीच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल होतं, भिंतीवर नियमांचा फलक. बाईंनी तो सवयीने दोनदा वाचला. ठकी पुस्तक घेऊन खाली आली.

"मान्य आहे, आत्या. होता तो." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. "माझ्या पुस्तकाने मला उल्लू बनवलं. पण बाबांना हवं ते सगळं यात नाही."

"त्यालाही ते कळलंय."

"हो. चिठ्ठ्या वाचल्या मी. आधी हसले, मग हसता येईना." तिने पुस्तक एका जागी उघडलं. "ही कोरी का आहे?"

बाईंनी चष्मा लावून ते पान वाचलं. घाईघाईत त्यांच्याकडूनही ते तितकं नीट वाचलं गेलं नव्हतं. प्राध्यापक बाईंनी तिथे एक जुनी कसोटी समजावली होती: लिहिणाऱ्याला जी गोष्ट अडचणीची, ती त्याने बनवलेली असण्याचा संभव कमी. आणि उदाहरण दिलं होतं. येशूच्या चार वृत्तांतांपैकी जो सगळ्यात जुना मानतात त्यात असं आहे की त्याच्या घरच्यांना वाटलं याचं मन ताळ्यावर नाही, म्हणून ते त्याला धरून न्यायला निघाले. आई आणि भावंडं दाराबाहेर उभी राहिली, आत निरोप धाडला. तो उठून गेला नाही. नंतर लिहिणाऱ्यांनी घरच्यांची ती शंका गाळली. आपल्या गुरूला घरचेच वेडा समजत होते, हे कोण शिष्य हौसेने रचेल? म्हणून हे बहुधा खरंच घडलं असावं.

"रविवारी हा भाग मी कितीदा ऐकलाय," ठकी म्हणाली. "घरच्यांना असं वाटलं होतं, हे माझ्या कानावरून नुसतंच गेलं."

"तुझा बाप दोन दिवस या पानावर होता."

तेवढ्यात दारावरच्या मावशी आत डोकावल्या. "तुझे वडील आलेत. भेटीच्या खोलीत या म्हटलं तर येत नाहीत. फाटकाशी उभे आहेत."

ठकीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, त्यांना ठाऊक नव्हतं. दोघी बाहेर आल्या.

भाऊ कामावरूनच आला होता. हात ग्रीसने काळे, हत्यारांची पेटी पायाशी. दहा आठवड्यांनी तो लेकीला पाहत होता. बाईंना तिथेच रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"वाचलंस?" त्याने विचारलं.

"वाचलं. बाबा, तो झालाच नाही असं मी म्हणत होते ते चूक होतं. पण बाकीचं सगळं मला अजून पटत नाही. मी खोटं गाऊ शकत नाही."

"ते राहू दे." तो ग्रीसच्या हाताने दुसरा हात पुसत राहिला. "चाळीस वर्षं मी ती गोष्ट ऐकतोय. दर वेळी मी त्याच्याजवळ आत बसलेल्यांतला. बाहेर कोण उभं आहे इकडे मी पाहिलंच नाही. त्याचे घरचे होते ते. त्यांना वाटलं पोराचं बिनसलंय, आणावं धरून. चुकले ते, ठकी. त्याच्यावर जीव होता म्हणून आले, आणि तरी चुकले."

फाटकाच्या आत ठकी होती, बाहेर तो. मावशींनी फाटक उघडं ठेवलं होतं, पण दोघांपैकी कुणी हललं नाही.

"मी तुला न्यायला आलो नाही," भाऊ म्हणाला. "पोचवायला आलोय. उद्याची गाडी किती वाजता?"

ठकीने दोन पावलं टाकली आणि ती फाटकाबाहेर आली.

"सहा चाळीसची," ती म्हणाली. आणि थोडं थांबून म्हणाली, "दोन बॅगा आहेत, बाबा. एक फार जड आहे."

"असू दे," भाऊ म्हणाला. "मी साडेपाचलाच येतो."